किती लागले? यॉटच्या एका आठवड्याचा हिशोब

गेल्या वर्षी मे महिन्यात क्रोएशियाच्या समुद्रात काढलेला आमचा एक फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. शिडाच्या दोराजवळ आम्ही आठ जण, मागे निळं पाणी, आणि माझ्या हातात पोह्यांची बशी. ग्रुपवर सगळ्यांनी हृदयं आणि टाळ्या पाठवल्या. खरे प्रश्न मात्र खासगीत आले, आणि प्रश्न एकच होता: "किती लागले गं?" कोजागिरीला दूध ढवळता ढवळता तीन जणींनी विचारलं. एका काकांनी तर "विचारू नये, पण..." अशी सुरुवात करून आकडा काढून घ्यायचा बराच प्रयत्न केला. संपादकांनी मग सुचवलं की एकदाच लिहून टाक. म्हणून हा लेख. आकडे आमचे आहेत, खरे आहेत, आणि आकड्यांमागे झालेलं भांडणही खरं आहे. तेही लिहितेय, कारण त्या भांडणाशिवाय या हिशोबाला अर्थ नाही.

कल्पना दादाची. माझा सख्खा भाऊ, म्युनिकला नोकरीला, तो आणि वहिनी दोघंच. आम्ही बडोद्याला तिघं: मी, निखिल आणि अकरा वर्षांची ईशा. तिसरं घर इंदूरचं. माझा चुलत भाऊ मंगेश, प्राजक्ता आणि नऊ वर्षांचा ओम. लहानपणी आम्ही तिघं उन्हाळ्याची सुट्टी इंदूरला काकांच्या वाड्यात एकत्र काढायचो. दादाचं म्हणणं असं की आता पुन्हा एकदा आठ दिवस एका छपराखाली राहू, फक्त छप्पर तरंगतं असेल.

डिसेंबरात त्याने ग्रुपवर योजना टाकली. जुलैमधला एक आठवडा, कॅटामरान म्हणजे दोन सांगाड्यांची रुंद बोट, एक स्किपर आणि स्वयंपाक करायला एक होस्टेस. बोटीचं भाडं ९,००० युरो, स्किपर १,४००, होस्टेस १,२५०, स्वच्छता आणि चादरी वगैरे ४००, डिझेल ४५०, बंदरांचं भाडं १,०००, खाणंपिणं १,७००. बेरीज १५,२०० युरो, आठ जणांत माणशी १,९००. त्या वेळी युरो ८९ रुपयांच्या आसपास होता. इंदूरच्या तिघांना बोटीचेच पाच लाख सात हजार झाले असते. त्यावर जुलैची विमानाची तिकिटं सव्वादोन लाख आणि व्हिसा, विमा. म्हणजे साडेसात लाखांच्या वर.

मंगेशने अंगठा दाखवून होकार दिला. नंतर तीन आठवडे तो ग्रुपवर काही बोललाच नाही.

मी बडोद्यात एका कारखान्याच्या हिशोब खात्यात आहे. गप्प झालेला देणेकरी मला लगेच ओळखू येतो. जानेवारीत प्राजक्ताला फोन केला. आधी तिने इकडचं तिकडचं सांगितलं, मग म्हणाली, "ताई, त्यांना सांगू नका, पण ओमच्या नावाची एफडी मोडायचं चाललंय. म्हणतात, दादा एवढं म्हणतोय तर नाही कसं म्हणायचं."

मी तिला दिलेला शब्द मोडला. मंगेशलाच फोन लावला. तो चिडला, माझ्यावर कमी आणि प्राजक्तावर जास्त. "अपन काय भिकारी आहोत का ताई? दोन वर्षं साठवतोय मी." मी विचारलं, किती साठवलेत? बराच वेळ पलीकडून फक्त दुकानातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "पाच. तिघांचं सगळं धरून. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत."

मग मी दादाला कळवलं की बजेट आता खालून वर बांधायचं. पाच लाखांत मंगेशचं घर बसलं पाहिजे, त्यावर एक रुपया नको. दादाला हे आवडलं नाही. "फरक मी भरतो ना, त्याला कळणारसुद्धा नाही," असं तो म्हणाला. मी म्हटलं, त्याला कळेल, आणि त्याने बोटीवर आठ दिवस तुझ्याकडे बघायचं कसं? त्या रात्री आम्ही दोघं भाऊ-बहीण बरंच वेडंवाकडं बोललो. पुढचे चार दिवस दादाही ग्रुपवर गप्प होता. वहिनीनेच मध्ये पडून माझी शीट उघडायला लावली.

आता शीटकडे वळते, कारण ज्यांना जायचंय त्यांना तेच हवंय.

यॉट भाड्याने घेण्याचे ढोबळ तीन प्रकार असतात. पहिला, नुसती बोट; ती तुम्हीच चालवायची. याला बेअरबोट म्हणतात. त्यासाठी मान्य परवाना लागतो, आणि क्रोएशियात त्याशिवाय व्हीएचएफ रेडिओ वापरण्याचं प्रमाणपत्रही लागतं. दादाने जर्मनीत परवान्याची परीक्षा नुकतीच दिली होती, त्यामुळे स्किपरचे १,४०० युरो वाचवायची त्याला फार हौस. रेडिओचं प्रमाणपत्र नसल्याने तो विषय आपोआप मिटला. मला हायसं वाटलं, हे इथे कबूल करते.

दुसरा प्रकार, बोट अधिक स्किपर. आमचा हाच. स्किपरला दिवसाचे साधारण दोनशे युरो द्यायचे, त्याला झोपायला स्वतंत्र केबिन द्यायची आणि जेवण आपल्या खर्चात. केबिनचा हा मुद्दा लोक विसरतात. चार केबिनच्या बोटीत चार जोडपी बसतील असं धरून बोट घेतात आणि मग स्किपरला कुठे झोपवायचं हा प्रश्न पडतो.

तिसरा प्रकार म्हणजे फोटोत दिसते ती शाही यॉट, पूर्ण कर्मचाऱ्यांसह. तिचं भाडं आठवड्याला वीस-पंचवीस हजार युरोंपासून पुढे कुठेही जातं. आणि तिथे छापलेला दर म्हणजे फक्त बोट आणि माणसं. त्यावर कर, आणि त्याशिवाय एपीए नावाची आगाऊ रक्कम, भाड्याच्या साधारण २५ ते ३५ टक्के. डिझेल, अन्न, पेयं, बंदराचं भाडं त्यातून होतं, शेवटी कप्तान हिशोब देतो, उरलं तर परत, कमी पडलं तर आणखी द्या. वर बक्षिसी पाच ते पंधरा टक्के. म्हणजे दर तीस हजार दिसला की मनात चाळीसच्या पुढचा आकडा धरावा. आम्ही ती पानं बघितली, हसलो आणि बंद केली.

पाच लाखांत बसायचं तर तीन गोष्टी बदलाव्या लागल्या. पहिली, महिना. एकाच बोटीचा मेअखेरचा दर आणि जुलै-ऑगस्टचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक असतो. मेमध्ये पाणी गार असतं, पोहणाऱ्यांना हुडहुडी भरते. पण बडोदा आणि इंदूरच्या शाळांना सुट्टी असते आणि बंदरात जागा मिळते. दुसरी गोष्ट, कॅटामरानऐवजी साधी एका सांगाड्याची शिडाची बोट. ती वाऱ्यात कलते, केबिन लहान, पायऱ्या उभ्या. पण भाडं कमी, आणि बंदरातही कॅटामरानला दीडपटीच्या आसपास मोजावं लागतं ते वाचतं. तिसरी, होस्टेस रद्द. स्वयंपाक आपणच करायचा.

मिळाली ती सुमारे पन्नास फुटी, पाच केबिनची, सात वर्षं जुनी बोट. शनिवार २४ मे ते शनिवार ३१ मे २०२५. भाडं ३,२०० युरो. सात वर्षं जुनी म्हटल्यावर निखिलने नाक मुरडलं. मी त्याला आपल्या गाडीचं वय विचारलं.

बाकीचा खर्च असा धरला. स्किपर १,४००. शेवटची स्वच्छता, चादरी, गॅस यांचं सक्तीचं पॅकेज २६०. हे बहुतेक वेळा मूळ दरात नसतं, बारीक अक्षरात खाली असतं. किनाऱ्यावर जायच्या छोट्या रबरी होडीचं इंजिन ८०. डिझेल १६०, कारण टाकी भरलेली मिळते आणि भरून परत करायची असते. बंदरं आणि बोया ४२०. पर्यटक कर ९०. जेवणखाण ९ जणांचं १,१५०, स्किपर धरून. स्किपरला बक्षिसी १५०. एकूण ६,९१०. पहिल्या योजनेच्या निम्म्याहून कमी.

वाटणीवरून पुन्हा चर्चा झाली. माणशी समान केलं तर मुलं असलेल्या घरांना भार, घराप्रमाणे समान केलं तर दादा-वहिनीवर अन्याय. शेवटी दादानेच तोडगा सुचवला. बोटीशी संबंधित सगळं, म्हणजे भाडं, स्किपर, पॅकेज, डिझेल, बंदर, बक्षिसी, हे ५,६७० युरो सहा मोठ्या माणसांत वाटायचं. दोन्ही मुलं मिळून एक केबिन वापरणार, ती फुकट. आणि जेवण आणि कर आठही जणांत. मोठ्यांचे ९४५, शिवाय प्रत्येकी १५५. मंगेशच्या घराचे २,३५५ युरो, आमचे तेवढेच, दादाचे २,२००. माणशी समान वाटलं असतं तर दादाला पावणेपाचशे युरो कमी पडले असते. पण हा नियम माझ्या घरालाही लागू होता, त्यामुळे मंगेशला कुणी मदत करतंय असं वाटायला जागा राहिली नाही. त्याने शीट दोनदा तपासली. मग ग्रुपवर लिहिलं, "चालेल." तीन आठवड्यांनी आलेला त्याचा तो पहिला शब्द.

युरोचा भाव हा या सगळ्यातला सर्वांत वाईट विद्यार्थी निघाला. फेब्रुवारीत निम्मं भाडं भरलं तेव्हा तो ९० च्या आसपास होता. एप्रिलच्या मध्यात उरलेलं निम्मं भरायची वेळ आली तोवर ९७ च्या पुढे. मी शीटमध्ये ९५ धरला होता म्हणून धक्का कमी बसला. परदेशी सहलीचं बजेट करताना आजच्या भावाने करू नका, पाच-सात टक्के वर धरा. कार्डाने खर्च केला तर बँक स्वतःचा आणखी दोन-तीन टक्के अधिभार लावते, तोही धरा.

पैसे पाठवण्याबद्दल एक गोष्ट. आम्ही भारतातली दोन्ही घरं आपापला हिस्सा बोटीच्या कंपनीला बँकेतून थेट पाठवत होतो. त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे माणशी ठरावीक मर्यादेपर्यंत (१ एप्रिल २०२५ पासून ती दहा लाख झाली) अशा रकमेवर टीसीएस लागत नव्हता. पण भारतातल्या एजंटकडून विमान-मुक्काम एकत्र असं पॅकेज घेतलं असतं तर पहिल्या रुपयापासून पाच टक्के कापले गेले असते. तो पैसा बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकतो. ज्याचं बजेट काठोकाठ आहे त्याला पंधरा-वीस हजार अडकणंही जड जातं. हे नियम बदलत राहतात, भरायच्या आधी आपल्या सीएला विचारा.

व्हिसा शेंगेनचा, कारण १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलनही युरोच. मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५, वर केंद्राचा सेवाकर. मुक्कामाचा पुरावा म्हणून हॉटेलऐवजी बोटीचा करार आणि त्यावर सगळ्यांची नावं असलेली यादी जोडली. खिडकीतल्या मुलीने तो कागद उलटसुलट करून बघितला, "मॅडम, हॉटेल?" मी म्हटलं, हेच. ती आत जाऊन विचारून आली.

तर मंगेशचं पान असं होतं: विमानं २ लाख ५ हजार, व्हिसा आणि विमा ३२ हजार, पहिल्या रात्रीची स्प्लिटमधली खोली ८ हजार, बोट २ लाख २४ हजार. ४ लाख ६९ हजार. राखीव म्हणून प्रत्येक मोठ्या माणसाने शंभर युरो वेगळे काढायचे, असे सगळ्यांचे सहाशे युरो माझ्याकडे. तो राखीव निधी धरूनही मंगेशकडे दहा-बारा हजार उरत होते. आणि एक नियम मी शीटच्या वर लाल रंगात लिहिला: बोटीवर काहीही तुटलं, हरवलं, पडलं तर ते राखीव निधीतून, कुणाच्या हातून झालं हे विचारायचं नाही. दादा म्हणाला, हे एवढं लाल कशाला? मी म्हटलं, असू दे.

किराण्याची बाजू वहिनीने सांभाळली. ती दोघं म्युनिकहून गाडीने स्प्लिटला आली, साडेआठशे-नऊशे किलोमीटर. डिकीत तूरडाळ, तांदूळ, कणीक, दोन किलो जाड पोहे आणि पाच लिटरचा कुकर. बडोद्याहून माझे थेपले आणि खाकरे, इंदूरहून प्राजक्ताची शेव आणि जिरावन. बेटांवरच्या छोट्या दुकानांत सगळंच महाग असतं, म्हणून दूध, भाज्या, फळं, पाण्याच्या बाटल्या स्प्लिटमधल्या मोठ्या दुकानातून शनिवारी सकाळीच भरल्या. ट्रॉली ओढत धक्क्यावरून जाताना आम्ही यॉटवाले अजिबात वाटत नव्हतो, लग्नघरचे वाटत होतो.

बोट ताब्यात घेताना अनामत लागते. आमच्या बोटीला २,५०० युरो. ती रक्कम कार्डावर अडकवून ठेवतात आणि बोट ठीकठाक परत आली की सोडतात. किंवा काहीशे युरोंचा विमा घ्यायचा, जो परत मिळत नाही. आम्ही दादाचं जर्मन कार्ड दिलं आणि विम्याचे पैसे वाचवले. शेजारच्या बोटीवरच्या एका कुटुंबाचं कार्ड तीनदा नाकारलं गेलं, ते बिचारे दोन तास धक्क्यावर बँकेला फोन लावत बसले होते. भारतीय कार्ड देणार असाल तर मर्यादा आणि परदेशातला वापर निघण्यापूर्वीच चालू करून घ्या. आणि ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढा. ईशाने एकशे बारा फोटो काढले.

एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही: सात दिवसांचं भाडं भरून खरं फिरणं सहाच दिवसांचं होतं. शनिवारी संध्याकाळी बोट मिळते, आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती तळावर परत आणायची असते. शनिवारी सकाळी नऊला बॅगा घेऊन बाहेर.

रविवारी स्प्लिटहून ब्राच बेटावरच्या मिल्ना गावी. दुपारी वायव्येचा मंद वारा सुटतो, त्याला तिथे माएस्त्राल म्हणतात. इंजिन बंद झालं, शीड फुगलं आणि एकदम सगळं शांत झालं. मंगेश पुढे डोलकाठीला टेकून बसला होता. बराच वेळ बसला. प्राजक्ताने हाक मारली तरी हलला नाही.

बंदरांच्या भाड्याबद्दल. धक्क्याला बांधलं की वीज, पाणी मिळतं, आमच्या बोटीला मेमध्ये ७५ ते ९० युरो पडले. उन्हाळ्यात प्रसिद्ध ठिकाणी याच्या दुप्पटही होतं. समुद्रात टाकलेल्या बोयाला बांधलं की ४५-५०. आणि तिसरा मार्ग खूपच गोड. कित्येक छोट्या खाडींत खानावळवाल्यांचे स्वतःचे बोये किंवा धक्के असतात. जेवायला त्यांच्याकडे आलात तर बांधायचे पैसे नाहीत. पण नऊ जणांचं जेवण बंदरापेक्षा महाग पडतं, त्यामुळे आम्ही हे एकदाच केलं, ह्वारजवळच्या पाक्लेनी बेटांत. शाकाहारी मंडळींना सांगते, तिथे उपाशी राहायची वेळ येत नाही. पालकासारख्या पाल्यात बटाटे घातलेली ब्लित्वा नावाची भाजी मिळते, लसूण आणि ऑलिव्ह तेलाची. निखिलने तिच्यावर जिरावन भुरभुरलं आणि खानावळीच्या आजींनी ती पुडी मागून घेतली.

सोमवारी विंचचा दांडा पडला. शिडाचे दोर ताणायला चक्र असतं, त्यात घालून फिरवायचा हा जड धातूचा दांडा. ओमला ते चक्र फिरवायचं वेड लागलं होतं. काम झाल्यावर दांडा काढून खोबणीत ठेवायचा, हे स्किपरने दहा वेळा बजावलं होतं. ओमने काढला, बोट कलली, आणि दांडा कठड्यावरून थेट पाण्यात. आवाजसुद्धा नीट आला नाही.

ओम रडायला लागला. मंगेशचा चेहरा पांढरा पडला. पहिला प्रश्न त्याने स्किपरला इंग्रजीत विचारला तो किमतीचा. स्किपर म्हणाला, साठ-सत्तर युरो, दर आठवड्याला कुणीतरी टाकतंच. मंगेशने खिशातून पाकीट काढलं. मी काही बोलायच्या आत दादा म्हणाला, "अरे, ते लाल अक्षरात लिहिलंय ना. पाकीट ठेव." आणि मग ओमला जवळ घेऊन, "इंदूरला काकांच्या विहिरीत मी पितळी कळशी टाकली होती, आठवतं का रे मंगेश? माझ्याकडून कुणी पैसे घेतले होते का?" मंगेश म्हणाला, "पैसे नाही घेतले. मार मलाच पडला." सगळे हसले, ओमही. पाकीट खिशात गेलं.

मंगळवारी व्हिस. युगोस्लाव्हियाच्या काळात हे बेट लष्कराच्या ताब्यात होतं आणि १९८९ पर्यंत परदेशी लोकांना बंद. म्हणूनच बहुधा तिथे अजून मोठी हॉटेलं कमी आहेत आणि गावं गावांसारखी दिसतात. बुधवारी आम्ही वळसा घालून कोमिझाला जाणार होतो आणि तिथून बिशेवो बेटावरची निळी गुहा बघणार होतो. मुलं महिनाभर तिचेच व्हिडिओ बघत होती. पहाटे स्किपरने हवामान दाखवलं: जुगो येतोय. हा आग्नेयेचा वारा. ढग, पाऊस आणि मोठ्या लाटा घेऊन येतो. व्हिसचं बंदर त्याच्यापासून बऱ्यापैकी सुरक्षित, कोमिझा नाही. गुहा तर बंदच. दादाने एकदा विचारून पाहिलं, "अगदी अशक्य आहे का?" स्किपरने नुसतं धक्क्याकडे बोट दाखवलं. पन्नास-साठ बोटींतली एकही सुटत नव्हती. त्या दिवशी मला त्या १,४०० युरोंतला एकही युरो खटकला नाही.

मुलं रुसली. गुहेच्या तिकिटांचे पैसे वाचले, पण हे सांत्वन मी त्यांना दिलं नाही. पावसात बसने बेट ओलांडून कोमिझाला गेलो, तीस युरोंत सगळे, आणि उंचावरून त्या खवळलेल्या समुद्राकडे पाहिल्यावर रुसवा आपोआप गेला. रात्री बोट धक्क्याला बांधलेली असूनही इतकी हलत होती की कुकर लावायची कुणाची हिंमत होईना. पिझ्झा खाल्ला, १९० युरो, राखीव निधीतून. बंदराची ती जादा रात्र ठरलेल्या बंदरखर्चातच बसली, कारण कोमिझाचा बोया वाचला होता. पण दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा पत्ता नव्हता, स्तारी ग्राडपर्यंत इंजिनावर यावं लागलं. डिझेलचे १६० धरलेले २०५ झाले.

शुक्रवारी संध्याकाळी तळावर परत. पाणबुड्या उतरून बोटीचा तळ तपासून आला, एक बाई यादी घेऊन सगळी भांडी मोजत होती. दांड्याचे ६५ युरो लागले, बाकी अनामत सुटली. दोन जुने ओरखडे आमच्या नावावर चढत होते, ते ईशाच्या एकशे बारा फोटोंनी उतरवले.

रात्री टेबलावर शेवटचा हिशोब. सहाशेतून दांडा ६५, डिझेल ४५, पिझ्झा १९०, बस ३०, एकूण ३३०. उरले २७०. प्रत्येक मोठ्या माणसाला ४५ परत. मंगेशच्या हातावर मी नव्वद युरो ठेवले तेव्हा त्याने ते मोजले. मोजले याचा मला आनंद झाला.

इंदूरला पोचल्यावर त्याने स्वतःचं पान भरून पाठवलं. ओमची आइस्क्रीमं आणि प्राजक्ताने घेतलेली लव्हेंडरची पिशवी धरून ४ लाख ९३ हजार. एफडी जागेवर आहे. आम्हा तिघांचे पाच लाख सात हजार झाले, कारण निखिलला परतीच्या विमानतळावर चष्मा घ्यायचा होता आणि त्याला शीट दाखवून उपयोग नसतो.

दादाच्या डोक्यात आता ग्रीसची आयोनियन बेटं आहेत. दिवाळीला ग्रुपवर त्याने पहिल्यांदाच बोटीचा फोटो न टाकता प्रश्न टाकला: "मंगेश, आकडा?" मंगेशचं उत्तर आलं, "दादा, सीझन होऊ दे दुकानाचा. मार्चमध्ये सांगतो." मी शीटची एक कोरी प्रत काढून ठेवली आहे. कुणाला हवी असेल तर संपादकांकडे मागा. लाल ओळ मात्र त्यातून काढू नका.